ब्रिटनमधलं ब्लूग्रास खरंच संपत आलंय का, आणि आपण त्यात शिरायचं कसं

आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकचा एक मुलगा सध्या मँचेस्टरला एमएस्सी करतोय, घरी मॅन्डोलिन वाजवायचा, शाळेच्या ऑर्केस्ट्रात वगैरे. इथे एका पबमध्ये ब्लूग्रासचा, म्हणजे बॅन्जो-मॅन्डोलिन-गिटारवरच्या अमेरिकन संगीताचा जॅम (गोलात बसून सगळ्यांनी मिळून वाजवणं) ऐकला आणि डोक्यात बसलं. पण तिथल्याच एका म्हाताऱ्या वादकानं त्याला सांगितलं की आता काही राम राहिला नाही, फेस्टिवल बंद पडतायत, आम्ही सगळे सत्तरीचे झालो. तर तो विचारतोय, ताई हे खरं का, आणि खरं असेल तर मी आता शिरून उपयोग काय, आणि शिरायचंच असेल तर काय शिकून जाऊ, काय विकत घेऊ, आणि आपल्याकडे बघून ते लोक विचित्र तर वागणार नाहीत ना.

मी मूळची मिरजेची, लहानपणी व्हायोलिन आपल्या पद्धतीनं शिकलेली, म्हणजे मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून. २००६ला नोकरीनिमित्त शेफील्डला आले आणि २००८पासून ब्लूग्रास फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवतेय. पोट त्यावर नाही माझं, पण बँडबरोबर लग्नं, पब, गावच्या जत्रा असं बरंच वाजवून झालंय आणि नवशिक्यांचा एक स्लो जॅम महिन्यातून एकदा मी चालवते. तेव्हा जे लिहितेय ते स्टेजवरून कमी आणि कडेच्या खुर्चीवरून जास्त असं समज.

तर तो म्हातारा खोटं बोलत नाहीये पण तो जे मोजतोय ते चुकीचं मोजतोय. फेस्टिवल कमी झालेत हे खरं. ब्लूग्रास कमी झालंय असं मला वाटत नाही. ब्रिटनमध्ये या संगीताचा जीव कधी स्टेजवर नव्हताच, तो होता कॅम्पिंगच्या शेतात आणि पबच्या मागच्या खोलीत, आणि तिथे जाऊन बघितलं तर चित्र बरंच वेगळं दिसतं.

फेस्टिवलचं गणित आधी समजून घे. इथले बहुतेक ब्लूग्रास फेस्टिवल म्हणजे चार-पाच जोडप्यांनी हौसेनं चालवलेला उद्योग. एक शेत किंवा गावचा हॉल भाड्यानं, तंबू, साउंड सिस्टीम, पोर्टेबल संडास, विमा, आणि अमेरिकेहून एक मोठा बँड. तो अमेरिकन बँड एका फेस्टिवलच्या पैशात येत नाही, त्याला लागून दोन-तीन फेस्टिवल आणि मधल्या दिवसांचे छोटे कार्यक्रम मिळाले तरच विमानाचं भाडं सुटतं. म्हणजे एक फेस्टिवल पडला की शेजारच्याचं गणितही बिघडतं, मग तोही लोकल बँडवर येतो, मग तिकिटं कमी खपतात. त्यात मार्च २०२०मध्ये पब बंद झाले, दोन उन्हाळे वाया गेले, आणि चालवणारी मंडळी तोवर सत्तरीला पोचलेली, त्यांनी म्हटलं आता बास. पुढच्या पिढीला शेत भाड्यानं घेऊन पावसात संडास मोजत बसायची हौस नाही, आणि त्यात त्यांची चूक आहे असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

जानेवारी २०२१पासून ब्रेक्झिटचं लफडं वेगळंच. आधी इथले बँड गाडीत सामान टाकून सरळ युरोपात जायचे, फ्रान्समध्ये ला रोशला ऑगस्टात मोठा ब्लूग्रास फेस्टिवल असतो, बँडची स्पर्धाही असते, तिथे जाणं ही तरुण बँडसाठी पहिली पायरी असायची. आता १८० दिवसांत ९० दिवसांचा हिशोब, प्रत्येक देशाचे कामाचे नियम वेगळे, सीडी-टीशर्ट विकायला न्यायचे तर त्याचे कागद. मोठ्या बँडला एजंट असतो, चार पोरांच्या बँडला कोण असणार, त्यातली एक जण नर्स असते आणि एक जण शाळेत शिकवत असतो.

पण हे सगळं स्टेजचं झालं. आता तुला एक चित्र सांगते. शेफील्डजवळच्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातलं एक शेत, रात्रीचा एक, पाऊस असा की तंबूच्या कापडातून थेंब फुटून आत येतोय. मुख्य कार्यक्रम दहाला संपलाय आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या लोकांनी तो नीट ऐकलाही नाही, कारण लोक इथे ऐकायला कमी आणि वाजवायला जास्त येतात. एका गझिबोखाली, म्हणजे चार खांबांच्या उघड्या मांडवाखाली, सात-आठ जण, मध्ये एक बॅटरीवरचा दिवा, बासवाल्याचे बूट चिखलात रुतलेले, आणि मागे दुसऱ्या रांगेत चार जण उभे, पटकन आत न शिरता हळू हळू वाजवत. तीन वाजेपर्यंत. त्या रात्री स्टेजवर कोण होतं विचारशील तर मला आठवत नाही, पण त्या गझिबोखाली कोणकोण होतं ते नावानिशी सांगेन. फेस्टिवल बंद पडला की त्यातलीच वीस माणसं पुढच्या वर्षी त्याच तारखेला कुठल्यातरी कॅम्पसाइटवर आपापले तंबू घेऊन जमतात, तिकीट नाही, जाहिरात नाही, कुठे नोंदही नाही. म्हाताऱ्याच्या हिशोबात एक फेस्टिवल वजा झाला, माझ्या हिशोबात गझिबो तिथेच आहे.

पबबद्दल एक गोष्ट माहीत असू दे कारण इथल्या जॅमचं सगळं आयुष्य त्यावर उभं आहे. पूर्वी इथे कायदा असा होता की पबमध्ये दोन माणसांनी वाजवलं तर वेगळं लायसन लागत नाही, तिसरा आला की लागतं. २००५ला नवा कायदा आला तर तो सवलतीचा दोघांचा नियमही गेला. मग लाइव्ह म्युझिक अॅक्ट आला, ऑक्टोबर २०१२पासून लागू, त्यानं इंग्लंड आणि वेल्समध्ये सकाळी ८ ते रात्री ११ बिनमायक्रोफोनचं वाजवणं मोकळं केलं. ब्लूग्रास जॅम म्हणजे नेमकं तेच, वायर नाही, अॅम्प नाही. त्यामुळे पबवाल्याला फक्त एवढंच बघायचं असतं की मंगळवारी रिकामी पडणारी खोली भरतेय का आणि ही दहा माणसं बिअर पितायत का. तू पीत नसशील तर निदान लाइम-सोडा आणि चिप्स घे बाबा. अर्धा ग्लास पाणी घेऊन चार तास बसणाऱ्यांमुळे जॅम बंद झालेले मी दोनदा बघितलेत.

आता ज्यांना हे संगीतच माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडे बेंजो म्हटलं की डोळ्यासमोर येते गणपतीतली बेंजो पार्टी, टाइपरायटरसारख्या कळा असलेलं ते बुलबुलतरंगाचं भावंड. हा तो नाही. हा पाच तारांचा बॅन्जो, ढोलकीसारखं गोल ताणलेलं पान आणि त्याला लांब दांडी, मूळ आफ्रिकेतलं, गुलाम करून नेलेल्या लोकांनी अमेरिकेत घडवलेलं वाद्य. त्याची पाचवी तार आखूड असते आणि ती सतत वरचा एकच सूर देत राहते. सतारीची चिकारी माहीत असेल तर पाचवी तार काय करते ते एका मिनिटात कळेल, इथल्या लोकांना ते समजवायला मला अर्धा तास लागतो.

ब्लूग्रास हे तसं ठरवून घडवलेलं संगीत आहे, जुनं लोकसंगीत नाही. केंटकीतल्या रोझीन गावचा बिल मन्रो, जन्म १९११, मॅन्डोलिन वाजवायचा आणि उंच टिपेच्या आवाजात गायचा. त्याच्या ब्लू ग्रास बॉईज या बँडवरूनच संगीताला नाव मिळालं. १९४५च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज नावाचा पोरगा तीन बोटांनी बॅन्जो वाजवत त्या बँडमध्ये आला आणि आज जॅममध्ये जो आवाज ऐकतोस तो तिथे पक्का झाला. गिटार, बॅन्जो, मॅन्डोलिन, फिडल, उभा बास, कधी डोब्रो, म्हणजे आडवी ठेवून वाजवायची गिटार. ड्रम नाही. ड्रमचं काम मॅन्डोलिन करतं, आणि ते तुझ्या अंगावर येणार आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

ब्रिटनशी याचा संबंध काय म्हणशील तर इथली मंडळी दोन पेगनंतर एक गोष्ट हमखास सांगतात. आमचीच गाणी, आमचे स्कॉटिश-आयरिश पूर्वज घेऊन गेले आणि आता ती घरी परत आली. अर्धं खरं आहे. लोकगीतं गोळा करणारे सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस १९१६ ते १९१८ अमेरिकेतल्या अॅपलाचियन डोंगरात फिरले आणि इंग्लंडात विसरली गेलेली गाणी तिथल्या शेतकऱ्यांच्या तोंडून लिहून आणली, लंडनला कॅम्डनमध्ये सेसिल शार्प हाउस आहे ते त्याच्याच नावाचं. उत्तर आयर्लंडमध्ये ओमाला तर स्थलांतरितांच्या इतिहासाचं खुलं म्युझियम आहे, अल्स्टर अमेरिकन फोक पार्क, आणि तिथे ब्लूग्रास फेस्टिवल भरत आलाय, म्हणजे तो सगळा धागाच जागेत गुंफलेला. पण उरलेलं अर्धं हे लोक गाळतात. बॅन्जो कुठून आला ते वर सांगितलंच, आणि खुद्द मन्रो लहानपणी ज्याच्याबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा तो आर्नल्ड शुल्झ हा काळा गिटारवाला आणि फिडलर होता, मन्रोच्या संगीतातला ब्लूज तिथून आला. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं कारण "आमच्या पूर्वजांचं संगीत" हे वाक्य ऐकून तुझ्यासारख्याला वाटतं की आपण पाहुणे. इथे सगळेच पाहुणे आहेत. डर्बीच्या निवृत्त पोस्टमनचा केंटकीशी जेवढा संबंध तेवढाच तुझा.

खरी आयात नंतर झाली. पन्नाशीच्या दशकात स्किफल आलं, पोरांनी चहाच्या खोक्याचा बास करून अमेरिकन गाणी वाजवायला घेतली, त्यातले काही पुढे बॅन्जोकडे वळले. १९६३ला बिल क्लिफ्टन नावाचा अमेरिकन ब्लूग्रासवाला चक्क इंग्लंडात राहायला आला आणि त्यानं इथे फोक क्लबांतून हे संगीत रुजवलं, १९६६ला बिल मन्रोचा इथला दौरा घडवण्यात त्याचा हात होता. त्या काळात ज्यांनी पंधराव्या-सोळाव्या वर्षी हे ऐकलं, तेच आजचे सत्तरीचे. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं वळण, त्यामुळे ते म्हातारे झाले की त्यांना वाटतं संगीत म्हातारं झालं.

आता मुख्य गोष्ट, जॅममध्ये कसं वागायचं. हे कोणी लिहून देत नाही आणि चुकलास तर इंग्रज माणूस तोंडावर बोलत नाही, फक्त पुढच्या वेळी तुझ्यासाठी खुर्ची सरकवत नाही.

पहिली रात्र फक्त बघ. वाद्य केसमध्येच ठेव. गोल कसा बसलाय, गाणं कोण सांगतंय, वळण कुठल्या बाजूनं फिरतंय ते बघ. रीत अशी की एक जण गाणं निवडतो आणि पट्टी सांगतो, सुरुवात कोण करणार तेही तोच ठरवतो. तो गातो, मग एका वाद्याला मान हलवून खूण करतो, ते वाद्य एक फेरी सोलो वाजवतं, त्याला ब्रेक म्हणतात, मग परत गाणं, मग पुढचं वाद्य. तुझ्याकडे मान हलली आणि तुला जमणार नसेल तर सरळ मान हलवून नाही म्हण, कुणाला राग येत नाही, तो पुढे सरकतो. गाणारा पाय वर उचलतो तेव्हा समज की हा शेवटचा फेरा. पहिल्यांदा मला वाटलं त्यांचा पाय दुखतोय.

हे डबलबारी भजन नाही हे डोक्यात ठेव. आपल्याकडे बारी लागली की समोरच्या बुवाला गार करायचं असतं. इथे तुझ्या ब्रेकनंतर पुढच्याला वाजवायला सोपं गेलं पाहिजे. माझ्या पहिल्या तीन-चार जॅममध्ये मी काय केलं असेल तर बाई गात असताना तिच्या आवाजाच्या मागे मागे आलाप घेत राहिले, आपल्याकडे साथसंगतीत व्हायोलिन तेच करतं ना, गायकाच्या मागून जायचं. मला वाटलं छान रंगतंय. रात्री बारवर एका बासवाल्या आजोबांनी अगदी हळू आवाजात सांगितलं की फिडल सुंदर आहे, पण मला ती बाई ऐकायची होती. घरी येईपर्यंत कान गरम होते माझे. नियम साधा आहे, गाणं चालू असताना एकच वाद्य भर घालणार आणि तेही ओळीच्या मधल्या जागेत, बाकीच्यांनी ठेका धरायचा.

आयरिश सेशन आणि ब्लूग्रास जॅम एकाच पबमध्ये वेगवेगळ्या वारी भरतात आणि नवीन माणसाची हमखास गफलत होते. सेशनमध्ये सगळे मिळून एकच चाल एकदम वाजवतात, चाल येत नसेल तर गप्प बसायचं. ब्लूग्रासमध्ये उलट, चाल एका वेळी एकानं, आणि चाल येत नसली तरी तू ठेका धरू शकतोस. म्हणून नवशिक्याला ब्लूग्रास सोपं, पहिल्या दिवसापासून कामाचा आहेस तू.

ठेका म्हणजे काय ते आता. चारची मात्रा धर. बास एक आणि तीनवर. मॅन्डोलिन दोन आणि चारवर, त्याला चॉप म्हणतात, आणि ते आपल्या भजनातल्या टाळाचं काम आहे. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा जुडगा, अशी धरायची की एकही तार मोकळी राहणार नाही, एक फटका मारायचा आणि डाव्या हाताचा दाब लगेच सैल करायचा म्हणजे आवाज तुटतो, झंकार राहत नाही. जी कॉर्डसाठी जाड तारेकडून सात, पाच, दोन, तीन हे पडदे. पहिले दोन आठवडे करंगळी रडेल. पण हा एक आकार बसला की तोच दोन पडदे वर सरकवला की ए, आणखी दोन वर की बी, सगळं गाव मोकळं. तुझ्यासारखे हिंदी गाण्यांवर वाढलेले मॅन्डोलिनवाले येतात ते ट्रेमोलो फार गोड वाजवतात, थरथर थरथर, आणि चॉप अजिबात येत नाही. ट्रेमोलोची गरज तासात एकदा लागते, चॉपची प्रत्येक सेकंदाला. माझ्या स्लो जॅममध्ये मी नवीन मॅन्डोलिनवाल्याला पहिले तीन महिने ब्रेक मागूच देत नाही. खडूस म्हणतात मला, म्हणू दे.

पट्टीचं सांगते. जी म्हणजे आपली पांढरी पाच, ए म्हणजे पांढरी सहा, बी म्हणजे पांढरी सात, मन्रोछाप गाणी बऱ्याचदा तिथे असतात. गिटार आणि बॅन्जोवाले कापो, म्हणजे दांडीवर अडकवून पट्टी वर सरकवायचा चिमटा, लावून सुटतात, बॅन्जोच्या पाचव्या तारेसाठी तर दांडीत खेळण्यातल्या रेल्वेच्या रुळांचे इवलेसे खिळे ठोकलेले असतात आणि तार त्याखाली अडकवतात, पहिल्यांदा बघशील तेव्हा हसशील. मॅन्डोलिन आणि फिडलला कापो नाही, आपण बोटांनीच भोगायचं. कॉर्ड नंबरानं सांगतात, वन, फोर, फाइव्ह. ते म्हणजे सा, म आणि प यांच्यावर उभ्या राहणाऱ्या कॉर्ड, एवढं कळलं की निम्मी गाणी न ऐकताही वाजवता येतात. एक जुना वाद आहे, बायका गातात तेव्हा पट्टी बदलते आणि काही पुरुष वादक कुरकुरतात की हे गाणं तर बीमध्येच असतं. आपल्याकडे गाणाऱ्याची पट्टी ती पट्टी, वाजवणाऱ्यानं जुळवून घ्यायचं, आणि मी हे तिथे दरवेळी ठणकावून सांगते.

आपल्या शिक्षणातून आलेल्यांना सगळ्यात अवघड काय जातं? वेग नाही. ताल तर नाहीच. अवघड जातं हार्मनी गाणं. आपण लहानपणापासून आरती असो की पसायदान, सगळे एकाच सुरात गातो, वेगळा सूर लागला की शेजारचा चिमटा काढतो. इथे मुख्य चालीच्या वर एक जण टेनर गाणार, खाली एक जण बॅरिटोन, तिघांच्या तीन वाटा आणि तरी एक गाणं. माझा आवाज दर दुसऱ्या ओळीला घरंगळत मुख्य चालीवर येऊन बसायचा. मला सुटायला चार वर्षं लागली, आणि सुटलं ते ब्लूग्रासमुळे नाही तर शेफील्डच्या पश्चिमेच्या गावांतल्या पबात नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत जी स्थानिक कॅरल्स गातात तिथे गर्दीत उभं राहून. तिथे तुझा आवाज कुणाला ऐकूच येत नाही त्यामुळे लाज नाही. मँचेस्टरहून ट्रेननं तासाभराचा रस्ता आहे, एकदा ये.

आणि आपल्याला काय सोपं जातं, तर मींड. ब्लूग्रास फिडलमध्ये सुरावर घसरत येणं फार आहे, गंधार तर जवळजवळ कधीच सरळ लावत नाहीत, कोमल आणि शुद्धच्या मधून कुठूनतरी येतात. इथले क्लासिकल शिकलेले व्हायोलिनवाले तिथे अडकतात. मला मात्र तारांची जुळणी नव्यानं शिकावी लागली, आधी चारही तारा सा आणि प यांच्यातच लावलेल्या असायच्या, आणि जमिनीवरून उठून हनुवटीखाली धरणं हा वेगळाच छळ.

वाद्य काय घ्यायचं. मॅन्डोलिनचे दोन आकार, साधा थेंबासारखा तो ए, आणि ज्याला वरती गोल वळलेला कान असतो तो एफ. त्या कानानं आवाजात काडीचा फरक पडत नाही, फक्त पैसे पडतात. विद्यार्थी आहेस, तर सेकंडहँड ए घे, मात्र पुढची पाटी भरीव लाकडाची कोरलेली हवी, प्लायवूडची नको, आणि भोक व्हायोलिनसारखं एफच्या आकाराचं असलं तर चॉप जास्त टणक येतो. ईस्टमन कंपनीचं एमडी ३०५ हे चीनमध्ये बनणारं मॉडेल तसं आहे, जॅममध्ये निम्म्या लोकांनी त्यावरच सुरुवात केलेली असते. घरून आणलेलं गोल पोटाचं मॅन्डोलिन असेल तर ते गाण्यांसाठी ठेव, जॅममध्ये त्याचा आवाज बॅन्जोखाली चिरडतो.

बॅन्जोचा मोह झाला तर एक सावधगिरी. इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि लिलावांत बॅन्जो खूप दिसतात कारण हे वाद्य ब्रिटनमध्ये १८४०च्या दशकापासून आहे. त्यातले बरेच चार तारांचे टेनर असतात, ते आयरिश संगीताला. काही झिदर बॅन्जो असतात, खास ब्रिटिश प्रकार, त्यात पाचवी तार दांडीच्या पोटातून नळीतून जाते, दिसायला सुरेख, जॅमला जवळपास निरुपयोगी. आणि छोटे चार तारांचे ते बॅन्जो-युकुलेले. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं सत्तर पाउंडांना झिदर बॅन्जो उचलून आणला आणि आता तो भिंतीवर आहे.

गिटारवाल्यांसाठी एक गंमत. मार्टिन डी-२८ ही ब्लूग्रासची गिटार मानतात आणि १९७०च्या सुमारापासून तिची पाठ आणि बाजू भारतीय रोझवूडची असते, म्हणजे आपलं शिसवी. जॅममध्ये कोणी पूर्वजांची गोष्ट फारच ताणायला लागलं की मी त्यांच्याच गिटारीच्या पाठीवर टकटक करते.

हवा. इथल्या कॅम्पिंगची ओल आणि हिवाळ्यातलं घरातलं हीटिंग, दोन्ही वाद्याला मारतात, ओल थोडी कमी आणि हीटिंग जास्त. रेडिएटरजवळ ठेवू नकोस, डिसेंबरात केसमध्ये ओलाव्याची पुडी टाक. मिरजेहून आणलेल्या माझ्या व्हायोलिनची पाटी पहिल्याच जानेवारीत उलली, त्यानंतर शहाणी झाले.

लोक कसे वागतील? खरं सांगते, वाईट अनुभव मला दोनच, आणि दोन्ही पबच्या गिऱ्हाइकांकडून, जॅममधल्या कुणाकडून नाही. जॅममधले लोक फार तर विचारतील, तू सतार वाजवतेस का. अनेकदा विचारतील. मी आता हो म्हणते. ते लोक खरं तर वाद्यवेडे असतात, आणि गेल्या काही वर्षांत त्यांना आपल्याबद्दल बोलायला एक चांगला विषय मिळालाय, बेला फ्लेकचा बॅन्जो, एडगर मेयरचा बास, राकेश चौरसियांची बासरी आणि झाकीरभाईंचा तबला असा जो २०२३चा अल्बम आला आणि फेब्रुवारी २०२४ला त्यांना ग्रॅमी मिळाली. डिसेंबर २०२४ला झाकीरभाई गेले तेव्हा आमच्या जॅममध्ये एका बॅन्जोवाल्यानं वाजवायच्या आधी दोन मिनिटं थांबायला सांगितलं. यॉर्कशरचा म्हातारा शेतकरी. मला रडू आलं, ते दिसू नये म्हणून फिडल ट्यून करत बसले.

आता तरुणांची बातमी, कारण म्हाताऱ्यानं तुला ती सांगितली नसणार. जॅममध्ये पंचविशीतली पोरं गेल्या सात-आठ वर्षांत मला जास्त दिसतात, बरीचशी बिली स्ट्रिंग्ज आणि मॉली टटल या तरुण अमेरिकन ब्लूग्रास गिटारवाल्यांना यूट्यूबवर बघून आलेली. मॉली टटल ही २०१७ला आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संघटनेचा गिटारचा पुरस्कार मिळवणारी पहिली बाई, त्यामुळे मुली गिटार घेऊन येतात, पूर्वी त्यांना गाण्यासाठी नाहीतर बाससाठी धरायचे. इथली मिडनाइट स्कायरेसर ही पाच बायकांची बँड, त्यातल्या कॅरिव्हिक जुळ्या बहिणी डेव्हनच्या, ऐकच. २०२४ला बियॉन्सेच्या एका गाण्याची सुरुवात ऱ्हायनन गिडन्सच्या बॅन्जोनं होते, ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं आणि पुढच्याच महिन्यात माझ्या स्लो जॅमला बॅन्जो शिकायचाय म्हणणाऱ्या तीन मुली आल्या. त्यातली एक टिकली. एक पुरे.

पण ही पोरं संघटनेची वर्गणी भरत नाहीत, मासिक घेत नाहीत, फेस्टिवलचं तिकीट त्यांना परवडत नाही, त्यामुळे कागदावर ती नाहीतच. ब्रिटिश ब्लूग्रास म्युझिक असोसिएशनच्या जुन्या मंडळींशी माझं यावर प्रेमानं भांडण होतं. त्यांचं म्हणणं वर्गणी भरा, माझं म्हणणं आधी स्लो जॅम वाढवा. शिकायला पैसे जमले तर ऑक्सफर्डशायरमध्ये किंगम हिल स्कूलला ईस्टरच्या आठवड्यात सोर फिंगर्स नावाचं शिबिर भरतं, अमेरिकेतले मोठे वादक शिकवायला येतात, दिवसभर वर्ग आणि रात्रभर जॅम. महाग आहे. दोन वर्षं साठवून गेले होते मी आणि चॉप म्हणजे काय ते फिडलवाली असूनही तिथेच कळलं.

तर आत्ता तू एवढंच कर. क्रिपल क्रीक, ओल्ड जो क्लार्क आणि अँजेलिन द बेकर या तीन चाली हळू शिक, पहिली दोन ए आणि तिसरी डीमध्ये, तिन्हीत चॉपही बसव. क्लिपवाला ट्यूनर घे, कानानं लावतो म्हणून मिरवू नकोस, दहा जणांच्या गोंगाटात कुणालाच लावता येत नाही. आणि घडीची खुर्ची घेशील तर बिनहाताची घे, हाताच्या खुर्चीत कोपर अडकतं आणि अख्खी संध्याकाळ वाया जाते. शेफील्ड-मँचेस्टरच्या होप व्हॅली मार्गावरची शेवटची ट्रेन लवकर असते, परतीची वेळ बघूनच निघ, नाहीतर माझ्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपावं लागेल, ते आधी तिघांनी केलंय, उशी तुझी तू आण.